सुपरमार्केटच्या काचेच्या मशीनमध्ये फिरणारं अख्खं चिकन येतं कुठून? शिळं असतं का?

प्रश्न असा आहे: घोडबंदर रोडच्या एका सुपरमार्केटमध्ये काचेच्या मशीनमध्ये सळईवर फिरणारं अख्खं रोस्ट चिकन मिळतं. मित्र म्हणतो की तारीख संपत आलेलं कच्चं चिकन त्यात घालून खपवतात. आणि अमेरिकेतली बहीण म्हणते की तिकडे भाजलेली कोंबडी कच्चीपेक्षा स्वस्त मिळते. यातलं खरं काय?

उत्तर द्यायचा थोडाफार हक्क मला आहे, कारण साडेपाच वर्षं मी हेच काम केलंय. नवी मुंबईतल्या एका मोठ्या सुपरमार्केटच्या डेली सेक्शनला होतो, डेली म्हणजे सॅलड, सँडविच, तयार भाज्या आणि कोपऱ्यात ते मशीन. आता नोकरी सोडली, ऐरोलीत घरूनच छोट्या केटरिंगच्या ऑर्डरी घेतो, त्यामुळे दुकानाचं नाव न घेता बाकी सगळं मोकळेपणाने सांगतो.

आधी मित्राचं बघू. तो उलटं सांगतोय. कच्चं शिळं व्हायला लागलं की मशीनमध्ये जातं असं नसतं हो, मशीनमधलं उरलं की ते सॅलडमध्ये जातं. रात्री न खपलेलं चिकन हाडावरून सोडवायचं, दुसऱ्या दिवशी चिकन मेयो सँडविच, सूप, पास्ता सॅलड. तुम्ही सकाळी अकराला काउंटरवरून जे चिकन सँडविच उचलता ना, त्यातलं चिकन बहुतेक काल संध्याकाळी सळईवर फिरत होतं. आणि यात वाईट काही नाही, नीट थंड केलं असेल तर. नीट म्हणजे गरम काउंटरवरून काढल्यावर दोन तासांत एकवीस डिग्रीच्या खाली आणि त्यापुढच्या चार तासांत पाच डिग्रीच्या खाली. अख्खी कोंबडी तशीच फ्रीजमध्ये ढकलली तर आतला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून आधी फाडून पसरट ट्रेमध्ये टाकायची. हे काम रात्री साडेदहाला, सगळे घरी जायच्या घाईत असताना करायचं असतं, आणि खरी गडबड झाली तर तिथे होते, कच्च्या मालात नाही.

आता कच्चं चिकन कुठून येतं ते. आपल्या नेहमीच्या चिकनवाल्याकडची कोंबडी त्या मशीनला चालतच नाही. का, ते नीट बघा कधी. तो जिवंत कोंबडी कापतो आणि पिसांसकट कातडी एका झटक्यात बनियन काढल्यासारखी ओढून काढतो. आपल्याला सवयच बिनकातडीच्या चिकनची, रस्सा करायचा तर कातडी हवी कशाला. पण सळईवर सव्वा तास कोरड्या आचेत फिरवायचं तर कातडी लागतेच, तीच वरचं आवरण, तिच्या खालची चरबी वितळून मांसाला वंगण देते. बिनकातडीची लावली तर छातीचा भाग पुठ्ठा होतो. तंदुरीला कातडी नसली तरी चालतं कारण तिथे दही-तेलाचा जाड लेप असतो, चिरे पाडलेले असतात, आच जबरदस्त असते आणि वेळ कमी. दोन्हीला लोक भाजलेलं चिकन म्हणतात, पण मामला पूर्ण वेगळा.

कातडी ठेवायची तर पिसं उपटावी लागतात, त्यासाठी गरम पाण्यात ठरावीक तापमानाला बुडवून मग रबराच्या बोटांच्या मशीनमध्ये फिरवावं लागतं. म्हणजे प्रोसेसिंग प्लांट आलाच. आमचा माल अशाच प्लांटमधून यायचा. कोंबड्या कुठल्या? तर आपल्याच आजूबाजूच्या, कर्जत, मुरबाड, शहापूर, आणि पलीकडे नाशिक-पुणे पट्टा. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि मेहनत, कंपनीचं पिल्लू, खाद्य आणि औषध, आणि शेवटी किलोमागे शेतकऱ्याला वाढवणावळ. पिल्लं बहुतेक व्हेंकॉब जातीची, पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजवाल्यांची, जी कंपनी बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केली.

ही जात पस्तीस दिवसांच्या आसपास दोन किलोची होते. मशीनला मात्र दोन किलोची नको. एका सळईवर पाच कोंबड्या, अशा सात सळया, म्हणजे एका लोडला पस्तीस, आणि सगळ्या एकाच वेळी शिजायला हव्यात. म्हणून अठ्ठावीस-तीस दिवसांतच उचललेल्या, जिवंत साधारण दीड किलोच्या आतल्या, साफ करून कातडीसकट किलोभर भरणाऱ्या. धंद्यात याला तंदुरी साइज म्हणतात. म्हणजे बघा, ही कोंबडी उरलीसुरली तर सोडाच, ती शेडमध्ये असतानाच कुठे जाणार ते बरंचसं ठरलेलं असतं.

आता इंजेक्शन. माझी आई आजही म्हणते, बॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात, नको खाऊस. (आमच्या घरात ब्रॉयलर कोणी म्हणत नाही, बॉयलरच.) मी डेलीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला येऊन सांगितलं की आई, इंजेक्शन खरंच देतात, पण मेल्यावर. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. वाढीसाठी हार्मोन टोचतात ही गोष्ट अफवाच आहे, एवढ्या हजारो पक्ष्यांना एकेकाला धरून टोचत बसणं कुठल्या शेडला परवडेल? वाढ एवढी फास्ट होते ती पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. अमेरिकेत तर कोंबड्यांना हार्मोन द्यायला बंदीच आहे, कित्येक दशकांपासून. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा, तो विषय खरा आहे, २०१९ मध्ये सरकारने कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला बंदी घातली ती उगाच नाही.

तर मेल्यावरचं इंजेक्शन. प्लांटमध्ये साफ केलेली कोंबडी पट्ट्यावरून जाते आणि वरून बारीक सुयांची एक फणी खाली येते, एका वेळी कितीतरी सुया, आणि मांसात मिठाचं पाणी सोडते. त्यात मीठ, थोडी साखर, फॉस्फेट, कधी स्टार्च. मीठ आणि फॉस्फेट मिळून मांसातली प्रथिनं सैल करतात, ती पाणी धरून ठेवतात, आणि मग सव्वा तास भाजूनही छाती ओलसर लागते. घरी तुम्ही ओव्हनमध्ये कितीही मन लावून केलंत तरी ती चव आणि तो ओलावा येत नाही, त्याचं मोठं कारण हे. अमेरिकेत कच्च्या पाकिटावर अमुक टक्क्यांपर्यंत द्रावण घातलंय असं छापावं लागतं. याचा अर्थ असाही की तुम्ही चिकनच्या भावात थोडं पाणी विकत घेताय, आणि मीठ भरपूर खाताय. बीपी असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं, कातडी काढून टाकली तरी मीठ जात नाही, ते आत हाडापर्यंत गेलेलं असतं.

आमच्याकडे सकाळी सव्वासातला गाडी यायची. खोक्यात दहा-दहा, पाय आधीच इलास्टिकच्या दोरीने बांधलेले, पंख मागे मुडपलेले. पहिलं काम थर्मामीटर. दोन कोंबड्यांच्या मध्ये काडी घालायची, पाचच्या वर आकडा गेला तर लॉट परत. ड्रायव्हर कटकट करायचा, ट्रॅफिक होतं सायन-पनवेलला, दोन मिनिटं दार उघडं राहिलं, वगैरे. परत म्हणजे परत. धुवायच्या बिलकुल नाहीत, धुतल्याने जंतू सिंकभर उडतात, एवढंच होतं. मग मसाला, कोरडा, वरून चोळायचा. लसूण पावडर, मिरी, रंगाला काश्मिरी मिरची. विदेशी दुकानात पॅप्रिका असते, आमच्याकडे पेरीपेरी आणि तंदुरी असे दोन चालायचे, हर्ब्सवालं साधं कोणी घ्यायचं नाही, महिनाभर लावून बघितलं आणि बंद केलं.

सळईवर लावताना एक नियम आहे जो मला पहिल्या दिवशी आमच्या सीनियरने जवळजवळ ओरडून शिकवला. अर्धवट शिजलेल्या सळयांच्या वर कच्ची सळई कधीच लावायची नाही. कारण मशीनची गंमतच ती आहे, वरच्या कोंबडीची चरबी आणि रस खालच्यावर ठिबकतो, म्हणून तर खालच्या जास्त चकचकीत दिसतात. वर कच्ची असेल तर कच्चा रस शिजलेल्यावर. म्हणून एकतर पूर्ण लोड एकदम लावायचा, नाहीतर नवीन माल खाली.

साधारण १८० डिग्रीला सव्वा ते दीड तास. मग मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर. नियमाने ७५ डिग्रीला कोंबडी शिजलेली असते, सेफ असते. आम्ही ८५ पर्यंत न्यायचो. का? कारण कस्टमर. एवढ्या कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात, आतल्या मगजाचा लालसर रंग भाजताना बाहेर झिरपतो आणि हाडाजवळचं मांस गुलाबी दिसतं. पूर्ण शिजलेलं असतं, पण घरी नेऊन फाडल्यावर गुलाबी दिसलं की माणूस अर्धी खाल्लेली कोंबडी डबीत घालून परत काउंटरवर, कच्चं दिलं म्हणून. किती समजावणार, त्यापेक्षा दहा डिग्री जास्त.

यात चौथा हिस्सा वजन उडतं. किलोची कोंबडी पाऊण किलोवर येते. हे लक्षात ठेवा, भावाच्या हिशोबात लागेल.

शिजली की डब्यात, वर वेळेचा स्टिकर, आणि गरम काउंटरवर. तो काउंटर ६० डिग्रीच्या वर असायला हवा, त्याच्या खाली जंतू वाढायला लागतात. आमची मुदत चार तास. त्यानंतर काढायचीच, मग सॅलडला किंवा डंप. डंप म्हणजे फेकून रजिस्टरमध्ये नोंद, आणि डंपचा आकडा वाढला की मॅनेजरचा पारा चढतो. म्हणून किती सळया लावायच्या हा रोजचा जुगार. बुधवार, शुक्रवार, रविवार फुल लोड, रविवारी तीन-तीन. मंगळवार-गुरुवार दोनच सळया, शनिवार मध्येच कुठेतरी. मार्गशीर्षातले गुरुवार तर मशीन पुसून ठेवायचं. गटारीला सकाळपासून रांग, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की मशीनसमोर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे.

आता बहिणीचं. तिचं बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. अमेरिकेत कॉस्टको नावाची होलसेल दुकानं आहेत, त्यांची रोस्ट कोंबडी २००९ पासून ४.९९ डॉलरलाच आहे, बाकी सगळं महागलं तरी. वर्षाला दहा कोटींच्या वर विकतात. २०१५ मध्ये त्यांच्याच फायनान्स प्रमुखाने सांगितलं होतं की बाकीच्यांनी भाव वाढवले तेव्हा आम्ही वाढवला नाही, त्यापायी वर्षाला तीन-चार कोटी डॉलरचा नफा सोडून दिला. दानधर्म नाही हो. मशीन असतं दुकानाच्या अगदी मागच्या भिंतीला, तिथपर्यंत जाता-येता माणूस टीव्ही, टिश्यू पेपर आणि वाईन गाडीत टाकतो. कोंबडी हे आमिष. पुढे तर २०१९ मध्ये त्यांनी नेब्रास्कातल्या फ्रीमाँट गावात स्वतःचा प्लांटच काढला, आठवड्याला वीस लाख कोंबड्यांच्या तयारीचा, खाद्य गिरणी आणि हॅचरीसकट, कारण ठरावीक साइजची कोंबडी बाजारात पुरेशी मिळेना. तिथल्या कंपन्या कोंबड्या मोठ्या मोठ्या करत गेल्या, मोठ्या कोंबडीचे तुकडे विकायला परवडतात, आणि सळईला लागते छोटी.

आणि इथेच बहिणीच्या हिशोबातली मेख आहे. तिकडची कच्ची अख्खी कोंबडी बहुतेक वेळा दोन-सव्वादोन किलोची असते, आणि साध्या सुपरमार्केटची भाजलेली असते किलोभर, कधी त्याहून कमी. नगावर बघितलं तर भाजलेली स्वस्त, किलोवर लावलं की बऱ्याच दुकानांत गणित पालटतं. कॉस्टकोची मात्र भाजूनही तीन पौंडांची, म्हणजे एक किलो ३६० ग्रॅम, तिथे ती खरंच स्वस्त आहे, आणि बहीण तिथलीच घेत असेल तर मी काही बोलत नाही.

आपल्याकडे असं का होत नाही असं तुमच्या मनात येईलच. आपल्याकडे कच्ची कोंबडी जिवंत घेऊन नाक्यावर कापून मिळते, त्याला ना प्लांट ना कोल्ड चेन. सुपरमार्केटची कोंबडी कातडीची, प्लांटची, थंड गाडीची, पाव वजन भाजण्यात गेलेली, वर वीज आणि आमचा पगार. ती नाक्यापेक्षा महागच पडणार. आणि आमिष म्हणून स्वस्त ठेवावी तर तेवढी गिऱ्हाइकं नॉनव्हेज काउंटरकडे येतच नाहीत, अर्धं दुकान प्युअर व्हेज, काहींना तर तो वासच नको असतो, आमच्या मशीनचा एक्झॉस्ट नीट चालत नव्हता तेव्हा आठवड्याला दोन कम्प्लेंट ठरलेल्या. आमिष दाखवून निम्मे मासेच पळाले तर काय उपयोग.

हां, आता तुमच्या मित्राला थोडे मार्क देतो. तारखेजवळचं कच्चं मशीनमध्ये घालायचा प्रकार होतच नाही असं मी म्हणणार नाही, कारण एकदा माझ्याच हातून झालाय. नवीन मॅनेजर आला होता, डंप कमी करायचं भूत डोक्यात. गटारीच्या आधीचा रविवार, मीट सेक्शनला अख्ख्या कोंबडीची बावीस पाकिटं पडून, तारीख दुसऱ्या दिवशीची. म्हणाला लाव सळईवर, तारीख संपलेली थोडीच आहे. कायद्याने चूक नव्हतं, वासही ठीक होता. मी म्हटलं सर नाही होणार, तो म्हणाला लाव. लावल्या. बिनकातडीच्या, मिठाचं पाणी न पाजलेल्या, काही आठशे ग्रॅमच्या, काही तेराशेच्या. चाळीस मिनिटांत छोट्या सुकून आक्रसल्या आणि मोठ्यांचं थर्मामीटर अजून पन्नाशीत. पाय बांधलेले नव्हते, ते फिरताना लोंबायला लागले, एकाचा पाय सुटून काचेवर आपटला, समोर एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते, नातू जाम खूश. मग एक अख्खी कोंबडीच सळईवरून घसरली आणि खालच्या ट्रेमध्ये पडली. बावीसपैकी सहा विकल्या, त्यातल्या दोन परत आल्या, बाकी सगळ्या डंप, आणि मशीनची काच घासायला मला आणि एका पोराला रात्रीचे साडेबारा वाजले. ठाण्याची शेवटची गाडी कशीबशी मिळाली. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

म्हणजे करू शकतात, पण जमत नाही. तुम्हाला ओळखायचं असेल तर सोपं आहे. सळईवरच्या सगळ्या कोंबड्या एका मापाच्या, पाय एकसारखे बांधलेले, अंगावर अखंड कातडी, असं दिसलं तर माल मशीनसाठीच आलेला आहे. छोट्या-मोठ्या मिसळलेल्या आणि कातडीचा पत्ता नाही, तर पुढे व्हा.

शिळं-ताजं बघायचं असेल तर स्टिकरवरची वेळ बघा, आणि स्टिकर नसेल तर विचारा, सरळ विचारा, कधी काढलं. गरम काउंटरवर फार वेळ पडलेली कोंबडी दिसतेही, कातडी सुरकुतते, नळीच्या टोकापासून वर सरकून हाड उघडं पडतं, डब्याच्या तळाशी रस साचून त्यावर चरबीची पांढरट साय धरलेली असते. डबा उचलून हाताला नुसता कोमट लागला तर घेऊ नका, मग वेळ काहीही लिहिलेली असो. कधीकधी स्टिकर बदलतात, खोटं कशाला बोलू, बघितलंय. कोमट डबा मात्र लपवता येत नाही.

घरी आणल्यावर दोन तासांत खा, उरलं तर हाडावरून सोडवून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस चालतं. हाडं फेकू नका. मीठ-मसाला त्यात मुरलेलाच असतो, आलं-लसूण आणि मिरी घालून कुकरला तीन शिट्ट्या, सर्दीला याच्यासारखं सूप नाही, आणि वरून मीठ अजिबात घालू नका. माझी आई बॉयलर खात नाही म्हणते, पण हे सूप पिते, त्यात चिकन कुठेय, पाणीच तर आहे म्हणते.

आणि जायचंच असेल तर रविवारी सातच्या सुमाराला जा. आमच्याकडे दुपारचा माल पाचपर्यंत संपायचा आणि संध्याकाळचा लोड पावणेसातला उतरायचा. साडेनऊनंतर डिस्काउंटचा पिवळा स्टिकर दिसला तर तो त्याच लोडचा शेवट असतो. लगेच खाणार असाल तर घ्या, उद्यासाठी ठेवणार असाल तर राहू द्या.